एम.एस्सी.साठी नोकरी सोडायची, तर कधी?

आपण बी.एस्सी. रसायनशास्त्र करून चिंचोळी एमआयडीसीतील औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये चार वर्षे दोन महिने काम करीत आहात, हाती १९,००० रुपये येतात, आणि यंदा नोकरी सोडून सोलापुरातच सेंद्रिय रसायनशास्त्रात दोन वर्षांची एम.एस्सी. करण्यासाठी १,४०,००० रुपयांची एफडी मोडावी का, असे विचारता. माझे मत असे की पदवी अवश्य करावी, पण प्रवेश पुढच्या वर्षी घ्यावा, आणि एफडीतून फी मात्र भरू नये.

फी दोन वर्षांची १,२०,००० आहे. खरा खर्च बुडणाऱ्या पगाराचा, म्हणजे ४,५६,००० रुपयांचा आहे. हे ५,७६,००० रुपये भरून निघायला, पदवीमुळे पगारात दरमहा ८,००० ची भर पडली तर सहा वर्षे लागतील, आणि ३,००० चीच पडली तर सोळा. क्वालिटी कंट्रोलमध्येच परतायचे असेल तर अनुभवालाही मोल असते. संशोधन विभागात किंवा नेटच्या (प्राध्यापकी व संशोधनासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या) वाटेने जायचे असेल तर मात्र एम.एस्सी.ला पर्याय नाही. नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाल्यास दरमहा ३७,००० रुपये मिळतात, पण ती परीक्षा कठीण आहे. तिच्यावर घराचे गणित बांधू नका.

घराचेच गणित मला अधिक महत्त्वाचे वाटते. आईची मजुरी हजार विड्यांमागे मिळते, वडिलांचा यंत्रमाग कधी चालू तर कधी बंद, तेव्हा आपण घरी देता ते १०,००० रुपये हाच या घरातला एकमेव ठरलेला पैसा आहे. दोन वर्षांसाठी ते २,४०,००० होतात. एफडी चौदा महिन्यांतच संपेल. आणखी दहा महिने थांबलात तर नोकरीची पाच वर्षे पूर्ण होऊन ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणाऱ्या एकरकमी पैशाचा, हक्क मिळेल. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १२,००० धरता ती सुमारे ३४,६०० रुपये होते. वर्षभर दरमहा ६,००० बाजूला टाकल्यास ७२,००० जमतील, आणि एफडीसह एकूण २,४६,००० च्या पुढे जाऊन दोन्ही वर्षांचा घरखर्च सुटेल.

फीसाठी शैक्षणिक कर्ज काढावे. राष्ट्रीयीकृत बँकांत चार लाखांपर्यंत सहसा स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही, तारणही मागत नाहीत, आणि हप्ता साधारणतः अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होतो. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढते: १० टक्के धरल्यास तोपर्यंत सुमारे ३०,०००, आणि पुढे पाच वर्षांचा हप्ता ३,२०० च्या आसपास. (या व्याजावर मिळणारी प्राप्तिकरातली वजावट आपल्याला उपयोगाची नाही, कारण या पगारावर करच लागत नाही.)

राजीनामा देण्यापूर्वी रुजू झाल्याची तारीख नेमणूकपत्रावर पाहून घ्या, कारण पाच वर्षांची मोजणी तिथूनच होते.