रॅमचा भार नसतानाही उणे ४.६ व्होल्ट? थांबा

आपण निपाणीहून लिहिले आहे की जुन्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकातील उणे ५ व्होल्टचा मूळ भाग गेला, १२ व्होल्ट शाबूत आहेत, म्हणून ५ व्होल्टपासून उणे ५ तयार करणारी ७६६० आयसी लावली आणि रॅम न बसवताच मीटर उणे ४.६ दाखवतो; एवढे चालेल का? माझ्या मते मुळीच चालणार नाही. बेळगावात उद्यमबागेतील माझ्या टेबलावर हाच आकडा मी पाहिला होता आणि 'जवळपास पाच आहे' असे म्हणून पुढे गेलो होतो.

या आयसीचा अंतर्गत रोध साधारण ५५ ओहम असतो. स्पेक्ट्रममधील ४११६ या रॅमच्या आठ चिप्स उणे ५ वर मिळून दोन मिलिअँपिअरही घेत नाहीत, त्यामुळे भारासह घट दशांश व्होल्टच्या आसपासच राहायला हवी. भार नसताना ०.४ व्होल्ट कमी दिसत असतील, तर सुमारे सात मिलिअँपिअर कुठेतरी गळत आहेत. माझ्याकडे ते आयसीच्या आउटपुटवरच्या कपॅसिटरमधून गळत होते. वर्षानुवर्षे ऋण पाय ग्राउंडला जोडायची सवय असल्याने हाताने तेच केले; येथे मात्र धन पाय ग्राउंडला आणि ऋण पाय पाचव्या पिनला हवा. कपॅसिटरच्या डोक्यावरची फुली जराशी फुगली होती, बोटाला तो कोमट लागत होता, आणि तरीही मी रॅम बसवली. दुसऱ्या दिवशी उणे ५ पूर्ण ढासळले, १२ व्होल्ट तसेच राहिले आणि आठपैकी पाच चिप्स गेल्या. बदली चिप्स ज्या दुकानातून मागवल्या, त्याचे नाव लिहीत नाही. त्यांतल्या तीन मृत निघाल्या आणि परत घेण्यास त्यांनी नकार दिला, याचा राग आजही आहे.

मी दुरुस्ती करणारा आहे, अभियंता नाही, त्यामुळे डेटाशीट ताडून पाहावी. ४११६ ला उणे ५ सर्वांत आधी मिळावे आणि सर्वांत शेवटी जावे लागते; आपली ७६६० आयसी ५ व्होल्टवर चालते, म्हणून १२ व्होल्ट तिच्या आधी येत नाहीत ना, हेही तपासावे. फक्त ५ व्होल्टवर चालणारी ४१६४ रॅम हाही मार्ग आहे, मात्र तिच्या १, ८ आणि ९ या पिनांची जोडणी बदलावी लागते.

तूर्त कपॅसिटर उलटून पाहावा, किंबहुना नवाच लावावा, आणि रॅम न बसवता दहा मिनिटे चालवून सुरुवातीचा व शेवटचा, असे दोन्ही आकडे कळवावेत.