वकिलाचा प्रिंटर आणि न मिळणारी करसवलत

प्रश्न : बडोद्यात डांडिया बाजारात माझे वकिलीचे ऑफिस आहे. महिन्याला साधारण १,५०० काळी आणि ४० रंगीत पाने निघतात. इंक टँक घ्यावा की लेझर? एक विक्रेता १,४०,००० रुपये अधिक जीएसटी या किमतीचे रंगीत लेझर मशीन तीन वर्षांच्या हप्त्यांवर, १० टक्के फ्लॅट व्याजाने देत आहे. जीएसटी परत मिळतो आणि घसाऱ्यामुळे (वापराने दरवर्षी घटणाऱ्या किमतीच्या वजावटीमुळे) करही वाचतो, असे तो म्हणतो. मी निम्मी फी उत्पन्न धरून विवरणपत्र भरतो. बँकेत ७ टक्क्यांची ३ लाखांची ठेव आहे, ती मोडायची नाही.

उत्तर : प्रिंटरचे आधी सांगतो, कारण ते सोपे आहे. इंक टँकचे पान स्वस्त पडते, पण साधी शाई ओलाव्याने फुटते. जुलैत नोटरीच्या टेबलावर ओला अंगठा लागून प्रतिज्ञापत्राची ओळ पसरली, की पान पुन्हा काढून सह्याही पुन्हा घ्याव्या लागतात. लेझरमधली पूड, म्हणजे टोनर, उष्णतेने कागदावर वितळून बसते. त्यामुळे दोन्ही बाजूंनी छापणारा, साधारण २५,००० रुपयांचा काळा लेझर आपल्याला पुरेल. टोनरच्या डब्यावरील पानांची संख्या पानाचा सुमारे ५ टक्के भागच काळा होईल असे धरून दिलेली असते, तेव्हा वकिली मजकुराच्या गच्च पानांसाठी ती कमीच धरावी. रंगीत पाने दुकानातून दहा रुपयांना काढली तरी महिन्याला ४०० रुपये होतात.

आता आपण न विचारलेले. निम्मी फी उत्पन्न धरली, की उरलेल्या निम्म्यात घसारा आणि कर्जावरील व्याज यांसकट सगळा खर्च आलाच, वेगळी वजावट काहीही मिळत नाही. नेहमीच्या पद्धतीने हिशेब ठेवला असता, तरी जीएसटीसकट १.६५ लाखांच्या किमतीवर ४० टक्के घसारा म्हणजे ६६,००० आणि २० टक्के दराने वाचणारा कर पहिल्या वर्षी सुमारे १३,००० रुपये! जीएसटीचेही तेच. वकिलाच्या फीवरील कर व्यवसाय करणारा अशील रिव्हर्स चार्जने, म्हणजे वकिलाऐवजी, स्वतः भरतो. आपण भरतच नाही, तर खरेदीवरील २५,००० रुपये वळते कशातून करणार? विक्रेत्याने हे सांगितले नाही याचे मला नवल नाही. अशिलाला करार वाचल्याशिवाय सही करू न देणाऱ्या वकिलाने ते विचारले नाही, याचे आहे.

१० टक्के फ्लॅट म्हणजे १.६५ लाखांवर तीन वर्षांत सुमारे ५०,००० व्याज आणि महिन्याला जवळजवळ ६,००० रुपयांचा हप्ता. मुद्दल दरमहा फिटत असताना व्याज मात्र मूळ रकमेवरच लागते, म्हणून खरा दर १८ टक्क्यांच्या आसपास जातो. ठेव ७ टक्के मिळवते आणि त्या ७ वरही कर आहे. म्हणजे ती राखून १८ टक्क्यांचे कर्ज घेणे तोट्याचेच. पण काळ्या लेझरसाठी ती मोडायचीही गरज नाही. २५,००० रुपये पुढच्या दोन महिन्यांच्या फीतून बाजूला काढा आणि तोवर जुन्याच प्रिंटरवर काम चालवा.