गाडी बदलण्याआधी घरचे अर्थिंग तपासा

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात राहतो. शाळेसाठी रोज जाऊन-येऊन 50 किलोमीटर प्रवास होतो आणि महिन्यातून एकदा आईला दाखवायला नागपूरला न्यावे लागते. पेट्रोल कार अकरा वर्षांची झाली आहे. आमच्याकडचे ऊन आणि विजेचा लपंडाव पाहता विजेवरची कार परवडेल काय?

उत्तर : रोजच्या प्रवासापुरते पाहिले तर निश्चितच परवडेल. लहान विजेवरच्या कारला 100 किलोमीटरसाठी चार्जिंगमधील घट धरून साधारण 15 युनिट लागतात. युनिटला 10 रुपये मानले तरी खर्च 150 रुपये होतो. लिटरला 16 किलोमीटर धावणाऱ्या तुमच्या गाडीला, पेट्रोल 105 रुपये धरल्यास, तेवढ्याच अंतरासाठी सुमारे 655 रुपये लागतात. इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलची बहुतांश ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, विजेच्या मोटरमध्ये मात्र फारच थोडी, हे त्याचे मूळ कारण आहे. शिवाय ऑइल बदलणे आणि क्लचची कामे उरत नाहीत.

खरी अडचण घरच्या जोडणीची आहे. रब्बीत ओलिताचे पंप एकदम सुरू झाले की डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, ताण येऊन विजेचा दाब घसरतो आणि चार्जर बंद पडतो. अर्थिंग, म्हणजे बिघाडात वीज जमिनीत उतरवणारी जोडणी, सदोष असेल, तर बऱ्याच गाड्या चार्जिंग सुरूच करत नाहीत. म्हणून गाडी बुक करण्यापूर्वी जाणकार वायरमनकडून अर्थिंग, मीटरचा मंजूर भार (एका वेळी किती वीज वापरता येते ती मर्यादा) आणि 16 अँपिअरच्या सॉकेटपर्यंतची वायर तपासून घ्यावी. तुमच्या 50 किलोमीटरची भरपाई अशा सॉकेटवर तीन-चार तासांत होते, त्यामुळे रात्री मध्येच वीज गेली तरी सहसा अडत नाही.

उन्हाबद्दलची तुमची शंका रास्त आहे. सततच्या उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते. तापलेल्या टिनाच्या शेडपेक्षा कडुनिंबाची सावली बरी, आणि भर दुपारी गाडी चालवून आल्यावर लगेच चार्जिंग न लावता ती निवू द्यावी. बॅटरीला सहसा आठ वर्षांची हमी मिळते, परंतु क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यास ती लागू होते, हे लेखी विचारून घ्यावे.

नागपूरचा प्रश्न वेगळा आहे. तुमच्या जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या यवतमाळहूनच ते सुमारे 150 किलोमीटर आहे. एसी लावून हमरस्त्यावर वेगाने गेल्यास कंपनीने सांगितलेले अंतर मिळत नाही. आजारी आईसोबत चार्जरच्या रांगेत थांबावे लागू नये, यासाठी एका चार्जिंगमध्ये प्रत्यक्ष 250 किलोमीटर धावणारी गाडीच निवडा आणि परतीसाठी नागपुरातच चार्ज करून घ्या. तेवढे बजेट नसेल, तर जुनी गाडी महिन्याच्या त्या एका फेरीसाठी आणखी दोन-तीन वर्षे ठेवायला हरकत नाही.