वाचकांचे प्रश्न : नवं शरीर, जुनी लाज

प्रश्न : माझ्या विज्ञानकथेतल्या नायिकेला आपल्या जाडेपणाची लाज वाटते. एका यंत्रामुळे तिला हवं तसं शरीर मिळतं आणि ती मोकळी होते. वाचणाऱ्या मैत्रिणी म्हणतात, ही परीकथा झाली. काय बदलू?

उत्तर : मैत्रिणींचं बरोबर आहे. शरीर बदललं की लाज गळून पडते, असं तुम्ही धरून चाललात. पण लाज शिकवली ती बघणाऱ्यांनी, आणि ते बघणारे तर जागच्या जागी आहेत. अ‍ॅलिस शेल्डन यांनी जेम्स टिपट्री ज्युनिअर या नावाने लिहिलेली १९७३ची 'द गर्ल हू वॉज प्लग्ड इन' ही कथा नक्की वाचा. तिथे जाहिरातींवर बंदी आहे, म्हणून कंपनी डेल्फी नावाचं देखणं शरीर घडवते आणि लोकांसमोर तिच्या हातात आपला माल देते. ते शरीर दुरून चालवते पी. बर्क, जिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. सुंदर शरीर मिळालं खरं, पण मालकी कंपनीची. तुमच्या यंत्राचे पैसे कोण भरतं, दुरुस्ती कोण करतं, हप्ता थकला तर शरीर परत घेतात का, हे आधी ठरवा. कथेचा अर्धा ताण तिथेच मिळेल.

मग पेन्सिल घ्या. नायिकेच्या शरीराचं प्रत्येक विशेषण अधोरेखित करा आणि समासात लिहा : हे कोण बघतंय? 'लेखिका' हे उत्तर वारंवार आलं, तर तुम्हीच तिला लाजवताय. आरशाचा प्रसंग सरळ काढून टाका. त्यात वाचकही बाहेरून न्याहाळणारा होतो. 'आरशात तिला आपलं बेढब शरीर दिसलं' याऐवजी असं लिहून बघा : 'खुर्चीचे हात मांड्यांना रुतत होते. उठताना खुर्चीही सोबत उचलली गेली. कुणी हसायच्या आत तीच हसली.' इथे विशेषण एकही नाही, तरी लाज पुरती कळते.

शरीर बदलल्यावर काही दिवसांनंतरचा एक प्रसंग हवाच. ती अजूनही पोटावर पर्स धरून बसते, फोटोत मागच्या रांगेत सरकते. सवय यंत्राबरोबर जात नाही. हा प्रसंग नसला की परीकथा होते.

प्रश्न : शरीराची लाजच नसलेला समाज कसा उभा करायचा?

उत्तर : लाज पुसू नका, तिची जागा बदला. अर्सुला ल ग्विन यांच्या 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' या कादंबरीत (१९६९) गेथेन ग्रहावरच्या माणसांना कायमचं लिंग नाही. साधारण २६ दिवसांच्या चक्रात मोजके दिवस 'केमर', म्हणजे कामेच्छेचा काळ, येतो. तेव्हा कुणीही स्त्री होऊ शकतं, कुणीही पुरुष. त्यामुळे आई कुणीही होऊ शकतं. तिथे विकृत ठरतो तो कायम पुरुष असलेला पाहुणा. आणि मानापमान आहेच : 'शिफग्रेथॉर' नावाच्या प्रतिष्ठेच्या कल्पनेपायी कुणाला थेट सल्ला देणं हाही अपमान. तुमच्या समाजातली माणसं कशाने ओशाळतात, ते एकच ठरवा आणि त्याचे परिणाम कपडे, दवाखाना, न्हाणीघर अशा रोजच्या जागी दाखवा. भाषण कुणाच्याही तोंडी नको.