खट् झालं का?

प्रश्न : सेकंडहँड थार घेतोय. मालक म्हणतो, मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल (एक चाक घसरलं की मागची दोन्ही चाकं जखडून एकत्र फिरवणारी यंत्रणा) आहे. पण बटण कुठेच दिसत नाही. थाप मारतोय का?

उत्तर : बटण नसतंच, भाऊ. मागच्या दोन चाकांच्या वेगात साधारण 100 आरपीएमचा (मिनिटाला 100 फेऱ्यांचा) फरक पडला की ते आपोआप लागतं. मात्र ते प्रत्येक थारला नाही, काहींत घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावूनच भागवलंय.

गाडी टू-व्हील ड्राइव्हवर (फक्त मागच्या चाकांना जोर) ठेवा, मागचं एक चाक अधांतरी राहील अशी चरात उभी करा आणि हलकेच रेस द्या. चाक क्षणभर मोकळं फिरेल, मग 'खट्' आणि गाडी बाहेर. नुसतं गरगरत राहिलं तर भाव पाडा. हा प्रयोग जॅकवर मुळीच नको. लॉक लागताच गाडी जॅक सोडून निघते.

ॲक्सलचं ऑइलही बघा. बारीक काळपट गाळ चालतो, लोखंडाचे कपचे नाहीत.