धूर येतोय ना? मग डिझेलचा पंप बदलू नका

प्रश्न : माझ्या डिझेल गाडीला इंजिन सुरू करायच्या आधी कुलंट (इंजिनभोवती फिरणारं पाणी) गरम करणारा हीटर आहे, गाडीच्याच टाकीतलं डिझेल जाळून चालणारा. मागच्या थंडीत मस्त चालला. यंदा पहिल्यांदा लावला तर पंखा फिरल्याचा आवाज आला, मग टिकटिक सुरू झाली आणि बंपरखालून पांढरा धूर असा निघाला की शेजारी बघायला बाहेर आले. दोन-तीन मिनिटांत सगळं बंद. परत लावला, परत तेच. असं पाच-सहा वेळा केलं आणि आता तर बटण दाबलं तरी ढिम्म. मेकॅनिक म्हणतोय डिझेलचा छोटा पंप गेलाय, तो बदलून बघू, नाहीतर अख्खं युनिट नवीन टाकू. काय करू?

उत्तर : आधी त्या पंपाची ऑर्डर थांबवा. पंप गेला असता तर धूर कुठून आला असता? तो पांढरा धूर म्हणजे वाफ होऊन न जळता बाहेर पडलेलं डिझेल, डोळे चुरचुरतात आणि वास लगेच कळतो. म्हणजे डिझेल आतपर्यंत पोचतंय, फक्त पेटत नाहीये.

आणि आता हीटर ढिम्म झालाय तो मेला म्हणून नाही, त्याने स्वतःला लॉक केलंय. पेटवायचा प्रयत्न लागोपाठ फसला की कंट्रोलर मुद्दाम कुलूप लावून बसतो, कारण दर फसलेल्या प्रयत्नाला आत थोडं डिझेल साचतं आणि ते एकदम पेटलं तर भडका उडेल. एबरस्पाचर आणि वेबास्टो या असे हीटर बनवणाऱ्या कंपन्या; एबरस्पाचरच्या युनिटला बिघाडाचे कोड वाचणारं मशीन लावलं की हे कुलूप ०५० कोड म्हणून दिसतं, आणि ०५२ दिसला तर ठरलेल्या वेळात ज्योत पेटली नाही असा अर्थ. वेबास्टोमध्ये कोड वेगळे पण प्रकार तोच. हे लॉक मशीनने काढता येतं, पण कारण न शोधता नुसतं लॉक काढून परत परत बटण दाबणं म्हणजे आत अजून डिझेल ओतणं, ते करू नका.

आता कारण. हा हीटर नेहमी एकाच क्रमाने चालतो आणि तो क्रम कानाने कळतो. आधी कुलंट फिरवणारा छोटा पंप आणि हवेचा पंखा, मग ग्लो प्लग, म्हणजे डिझेल पेटवणारी विजेवरची कांडी, तापतो (तेव्हा ऐकण्यासारखं काही नाही, घाबरू नका), मग डोसिंग पंपाची, म्हणजे त्याच डिझेलच्या छोट्या पंपाची टिकटिक, आणि ज्योत धरली की पंखा वेग घेतो, आवाज घरघरीत होतो, जेट विमान लांबून जावं तसा. तुमच्याकडे टिकटिकपर्यंत सगळं होतंय आणि घरघर येत नाहीये, म्हणजे गोष्ट ग्लो प्लग, हवा आणि जिथे डिझेल पसरून पेटतं त्या बर्नरच्या जाळीपाशी अडकलीय.

मी सुरुवात व्होल्टेजपासून करीन. ग्लो प्लग तापतो तेव्हा हीटर सगळ्यात जास्त करंट खातो, आणि साधारण १०.५ व्होल्टच्या खाली गेलं की बहुतेक युनिटं स्वतःहून बंद होतात, पण त्याच्या जरा वर असलं तरी प्लग नीट लाल होत नाही आणि मग नुसता धूर. मापताना मल्टिमीटर बॅटरीवर लावून १२.५ दिसलं म्हणून खूश होऊ नका, हीटरच्या कनेक्टरवरच लावा आणि प्लग तापत असतानाच बघा. बॅटरीपाशी आणि कनेक्टरपाशी अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर अर्थिंगच्या वायरचा नटबोल्ट उघडा, हीटर चाकाच्या आत किंवा बंपरमागे बसवलेला असतो, तिथे पाणी-मीठ उडून बुरशीसारखा हिरवा गंज आलेला असतो. पॉलिश पेपर, पाच मिनिटं.

व्होल्टेज ठीक असेल तर हीटरचा स्वतःचा हवेचा पाइप आणि सायलेन्सर बघा, चिखल किंवा पानं अडकतात, कधी कीटक घर करतात. तेही मोकळं असेल तर युनिट उघडून जाळी बघायची, ती कोळशासारखी काळी आणि कडक झाली असेल तर डिझेल पसरतच नाही. अशी जाळी होते कारण लोक हीटर पाच-पाच मिनिटांसाठी लावतात आणि मग उन्हाळाभर विसरून जातात. महिन्यातून एकदा १० मिनिटं तरी चालवायचा, उन्हाळ्यातसुद्धा, हे कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं आणि कोणी वाचत नाही. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू कराल तेव्हा थोडा वेळ धूर येईल, आत साचलेलं जळतंय, तेव्हा लगेच बंद करू नका.

पंपाबद्दल मी एवढं का बोलतोय, तर मी स्वतः बदललाय. माझ्या गाडीत टिकटिक यायची पण धूर अजिबात नाही, वाससुद्धा नाही. नवा पंप आणला, बसवला, तेच. शेवटी पंपाच्या आधीचा बोटभर लांबीचा रबरी जोड वाकवून बघितला तर त्याला केसाएवढी चीर, पंप डिझेलऐवजी हवा ओढत होता. तेव्हापासून टिकटिक आहे पण धूर नाही म्हटलं की मी आधी रबर तपासतो, मग पंप.

प्रश्न : कुलंट बदलल्यापासून हीटर पेटतो, छान आवाज येतो आणि मिनिटभरात बंद. कोड ०१२, जास्त तापल्याचा. पण इंजिन तर थंडच!

उत्तर : इंजिन थंड आणि हीटर तापलेला, म्हणजे गरम पाणी हीटरच्या बाहेर जातच नाहीये. बहुतेक हवा अडकलीय. चालू असताना हीटरच्या दोन्ही होजवर (कुलंटच्या रबरी पाइपांवर) हात ठेवा, सांभाळून: एक चटका बसेल इतका गरम आणि दुसरा गार असेल तर नक्कीच. हवा काढायची, म्हणजे केबिनचा हीटर फुल गरमवर ठेवून इंजिन चालवायचं, कुलंटच्या टाकीतली लेव्हल बघत राहायचं, उतरली तर इंजिन गार झाल्यावर भरायचं, आणि जिथे हवा काढायचा स्क्रू असेल तिथे तो उघडायचा. इंजिन गरम असताना कुलंटच्या टाकीचं झाकण मात्र उघडू नका. एवढं करूनही होज गारच राहिला तर कुलंटचा छोटा पंप बघा, त्यावर बोट ठेवलं की थरथर जाणवायला हवी.

प्रश्न : टाकी एक चतुर्थांश असली तरी हीटर चालत नाही, भरली की चालतो. बिघाड की काय?

उत्तर : बिघाड नाही. हीटरची डिझेल ओढायची नळी मुद्दामच टाकीत वर ठेवलेली असते, म्हणजे हीटरने सगळं पिऊन तुम्हाला रस्त्यात अडकवू नये. काही गाड्यांमध्ये रिझर्व्हचा दिवा लागला की कंट्रोलरच बंद करतो.

प्रश्न : सेकंडहँड गाडी घेतली, खाली हीटर दिसतोय पण टायमर, रिमोट काहीच नाही. गाडी चालू असताना थंडीत खालून धूर येतो, उभी असताना काही नाही.

उत्तर : तो मदतनीस हीटर आहे. डिझेल इंजिन स्वतःहून फार हळू तापतं म्हणून कंपनीच असा बसवते, तो इंजिन चालू आणि बाहेर बरीच थंडी असली तरच पेटतो. बऱ्याच गाड्यांत कंट्रोल आणि टायमर जोडून, काहींत वेगळा कुलंट पंपही टाकून, त्याचा पूर्ण प्री-हीटर करता येतो. तसा केलात तर जितकी मिनिटं हीटर लावाल निदान तितकी मिनिटं गाडी चालवा, नाहीतर आठवडाभरात बॅटरी बसेल.

प्रश्न : गॅरेजचं शटर अर्धं उघडं ठेवून लावला तर चालेल ना?

उत्तर : नाही. त्यातून कार्बन मोनॉक्साइड येतो, त्याला वास नसतो. गाडी बाहेर काढा, मग लावा. आणि पेट्रोल पंपावर डिझेल भरायला थांबलात की आधी हीटर बंद, आत ज्योत असते.