हाताने रंगवलेला चौरंग छापील नाही, हे कसं ओळखायचं?

प्रश्न ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारातल्या रंगीत चौरंगाचा आहे: नक्षी खरंच हाताची आहे का, आणि मुंबईच्या दमट हवेत ती टिकेल का.

मोबाइलचा टॉर्च लावून फळीला जवळजवळ समांतर धरा. हाताने लावलेला रंग किंचित वर आलेला दिसतो. कुंचला टेकला तिथे पाकळी जाड, उचलला तिथे बारीक शेपूट. मग शेजारची दोन फुलं ताडून बघा. तंतोतंत सारखी असतील तर स्टेन्सिल किंवा स्टिकर. स्टेन्सिलचा देठ मध्येच तुटतो, कारण कापलेला कागद एकसंध राहायला पट्ट्या सोडाव्या लागतात. छापील नक्षी भिंगाखाली ठिपक्याठिपक्यांची दिसते आणि कोपऱ्यावर स्टिकरची कड नखाला लागते. पण रेघ वाकडी म्हणजे काम अस्सल, असं मात्र नाही. सराईत चिताऱ्याची रेघ सहसा थरथरत नाही.

शैलीही बघा. सावंतवाडीच्या कामात गंजिफाची, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या गोल पत्त्यांची, चित्रं येतात. गुजरातेतल्या संखेड्याचं फर्निचर सागाचं, लेथवर फिरवून गोल कातलेलं. त्यातली सोनेरी नक्षी सोन्याची नसते. कथील सरसात घोटून कुंचल्याने लावतात, अकीक दगडाने घासून चमकवतात. तोवर ती चांदीसारखी असते. वर लाखेचा पारदर्शक थर चढला की सोनेरी दिसते. मला यातली हीच करामत सगळ्यात आवडते.

आता टिकण्याचं. लाकूड पावसाळ्यात फुगतं, एसीत आकसतं. वरचा रंगाचा थर तेवढा ताणला जात नाही, म्हणून पहिली भेग सांध्यावर पडते. त्यामुळे घेतानाच उलटा करून सांधे तपासा. घरी ओल येणाऱ्या भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, एसीच्या झोतात नको, दुपारच्या उन्हात नको. धूळ कोरड्या मऊ सुती कपड्याने पुसा. स्पिरिट किंवा सॅनिटायझर अजिबात नको, लाख त्यात विरघळते. गरम कप ठेवला तर पांढरा डाग पडतो. पापुद्रा सुटला असेल तर पुसू नका, निघून येईल; कारागिराकडे न्या.

अभिषेकासाठी मात्र साधा पाट वापरा. रंगवलेल्यावर मूर्ती मांडायची तर खाली ताम्हण हवंच.